लोकेशन बॅटरी खातं का?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका वाडीत राहते. मुलगा मुंबईहून आला की आधी माझ्या फोनमधलं लोकेशन बंद करतो. ‘आई, याच्यामुळेच तुझी बॅटरी दुपारी संपते,’ म्हणतो. तो गेला की मला पावसाचा अंदाज बघायचा असतो, कधी नकाशा लागतो, कधी नातीला मी कुठे आहे ते कळवायचं असतं, मग मी ते पुन्हा चालू करते. फोन दिवसभर उपग्रहाशी बोलत असतो म्हणून बॅटरी जाते, हे खरं का? आणि मग लोकेशन बंद असलेल्या दिवशीही ती दुपारीच का संपते?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. लोकेशन बंद असतानाही बॅटरी दुपारीच संपत असेल, तर चोर दुसराच कुणीतरी आहे. त्याच्याकडे वळूच. आधी उपग्रहाचं बघू, कारण हा गैरसमज फार जणांचा आहे.

फोन जीपीएसच्या उपग्रहांशी बोलत नाही, नुसता ऐकतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सगळ्या जगासाठी एकच घोषणा अखंड करत असतात : मी अमुक उपग्रह, आत्ता इतके वाजले, मी या जागी आहे. प्रत्येकावर अणुघड्याळ असतं, त्यामुळे वेळ काटेकोर. ही घोषणा आपल्यापर्यंत यायला साधारण सेकंदाचा चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, पण फोनमधलं घड्याळ साधं असतं. त्याची चूक काढायला चौथा लागतो. आकाशाकडे तुमचा फोन काहीही पाठवत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून उपग्रहांवर ताण येत नाही, की त्याचं बिलही येत नाही.

पण ऐकणं सोपं नाही. एवढ्या उंचीवरून आलेला संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की तो आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाच्या पातळीखाली बुडालेला असतो. त्याची ठरावीक नक्षी फोनला आधीपासून ठाऊक असते. ती नक्षी पुढेमागे सरकवत, हजारो वेळा ताडून पाहत तो संकेत हुडकतो. शिवाय उपग्रहाच्या कक्षेचा तपशील सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने येतो. एका उपग्रहाचा कामापुरता तपशील पूर्ण व्हायला ३० सेकंद लागतात. हे शोधकाम खर्चिक असतं. एकदा संकेत सापडला की त्याचा माग ठेवणं त्यामानाने स्वस्त. इंटरनेट असेल तर फोन कक्षांची माहिती नेटवरूनच उतरवून घेतो, म्हणून शहरात निळा ठिपका चटकन दिसतो.

आता खर्चाचा हिशेब मांडू. आजकालच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा. जीपीएसची चिप सतत चालली तर मोजकेच मिलिवॉट घेते. समजा तिने ५० घेतले. पूर्ण २४ तास न थांबता चालली तरी सव्वा वॉट-तास, म्हणजे बॅटरीचा सहा-साडेसहा टक्के भाग. भर उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला मोठा पडदा तेवढी ऊर्जा तासाभरात सहज घेऊ शकतो. तेव्हा चिपला दोष देऊन फारसं काही हाती लागत नाही.

मग लोकेशनच्या नावाने ओरड का होते? कारण ठिकाण विचारणारं अ‍ॅप एकट्या चिपला उठवत नाही, अख्ख्या फोनला उठवतं. पडदा काळा असतो तेव्हा फोनचा मुख्य प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो, आणि बॅटरी टिकते ती या झोपेमुळे. एखादं अ‍ॅप दर काही मिनिटांनी ‘आता कुठे आहोत?’ असं विचारू लागलं की प्रोसेसर जागा होतो, ठिकाण काढतो, मग ते कंपनीच्या सर्व्हरला कळवण्यासाठी नेट जागं होतं, आणि पाठवून झाल्यावरही ते काही सेकंद जागंच राहतं. गाढ झोपलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी हलवून ‘झोपलात का?’ असं विचारावं, तसा हा प्रकार. अशी चार-पाच अ‍ॅप असली की फोनला धड झोपच लागत नाही.

तुमच्या मुलाचा सल्ला चुकीचा म्हणणार नाही, जुना म्हणेन. दहा वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइड फोनमध्ये कुठलंही अ‍ॅप मागच्या मागे हवं तितक्या वेळा ठिकाण विचारू शकत असे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला तासातून मोजक्याच वेळा उत्तर मिळू लागलं. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये ‘फक्त अ‍ॅप वापरत असताना’ ही परवानगी आली, आयफोनवर ती त्याही आधीपासून होती. पुढे ‘फक्त या वेळी’ आलं, मग ‘अचूक’ की ‘अंदाजे’ हा पर्यायही आला. मुख्य बटण दाबून सगळंच बंद करायची गरज त्यामुळे उरली नाही. घरातला एक नळ गळतो म्हणून कुणी टाकीचाच कॉक बंद करत नाही, असं म्हणणार होतो, पण उपमा एकच पुरे.

तर करायचं काय? सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडा (मराठीत ठेवलेल्या फोनवर ते ‘स्थान’ या नावाने दिसेल) आणि अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी काढा. ज्यांना ‘नेहमी’ परवानगी आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, बाकीची नंतर. या गटात खरं तर फार थोडी अ‍ॅप असायला हवीत. नातीला तुमचं ठिकाण सतत दिसत राहावं असं ठरलं असेल तर ते एक अ‍ॅप. खरेदीचं, कर्जाचं, वर्तमानपत्राचं, टॉर्चचं अ‍ॅप तिथे दिसलं तर बिनदिक्कत काढा. टॉर्चला तुमचा पत्ता कशाला हवा? नकाशा ‘वापरत असताना’वर ठेवा. हवामानाचंही तसंच, आणि तिथे ‘अचूक’ बंद केलंत तरी काही बिघडत नाही. पाऊस तुमच्या अंगणात वेगळा आणि शेजाऱ्याच्या अंगणात वेगळा पडत नाही. ‘अंदाजे’ ठिकाण बहुतेकदा टॉवर आणि आसपासच्या वाय-फायवरूनच निघतं, उपग्रहांना त्रास द्यावा लागत नाही.

हे करताना एका ठिकाणी फसगत होते. अँड्रॉइडच्या बॅटरीच्या यादीत ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ वर आलेलं दिसतं आणि लोक त्याच्यावर चिडतात. ठिकाण विचारायला बरीच अ‍ॅप याच सेवेकडे जातात, त्यामुळे खर्च तिच्या खात्यावर पडतो आणि मागणारा नामानिराळा राहतो. ती बंद करू नका, फोनच अडखळायला लागेल. मागणारा शोधा. अँड्रॉइड १२ पासून गोपनीयतेच्या पानावर गेल्या २४ तासांत कुणी, किती वाजता ठिकाण विचारलं याची नोंद मिळते. मध्यरात्री दोन वाजता विचारणारा तिथे सापडतो. आयफोनवर लोकेशनच्या यादीत अ‍ॅपच्या नावापुढे छोटा बाण असतो : जांभळा असेल तर नुकतंच विचारलंय, राखाडी असेल तर गेल्या २४ तासांत कधीतरी.

आता तुमच्या दुपारच्या चोराकडे येऊ. तुम्ही वाडीत राहता. घरात रेंज किती काड्या येते? माझा संशय तिथेच आहे. टॉवर लांब असेल, मध्ये डोंगर असेल, तर फोनला आपला आवाज तिथवर पोचवायला जोर लावावा लागतो. तो उपग्रहाला काही पाठवत नसला तरी टॉवरला मात्र पाठवतो, तेही वारंवार. ४जी फोन कमाल सुमारे २०० मिलिवॉट ताकदीने प्रक्षेपण करतो आणि तेवढं बाहेर टाकण्यासाठी आत त्याच्या कितीतरी पट ऊर्जा जाळतो. टॉवरजवळच्या माणसाच्या फोनला याचा अगदी थोडा अंश पुरतो. त्यात ५जी येतं-जातं असेल तर फोन दोन जाळ्यांमध्ये उड्या मारत बसतो. म्हणून आधी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी कायम करून बघा. घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. आणि फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर न ठेवता ओटीवर, जिथे काड्या जास्त दिसतात तिथे ठेवा. आठवडाभर लोकेशनला हातही न लावता एवढंच करून बघा. मुलगा पुढच्या खेपेला आला की त्यालाही दाखवता येईल.

प्रश्न : मी वाय-फाय बंद ठेवतो, तरी फोन म्हणतो की तो वाय-फायवरून माझं ठिकाण ठरवतोय. हे कसं?

उत्तर : वाय-फाय ‘बंद’ म्हणजे जोडणी बंद. आजूबाजूला कुठले राउटर आहेत ते हुंगणं अँड्रॉइडमध्ये वेगळ्या बटणावर असतं : लोकेशनच्या पानावर, लोकेशन सेवांच्या आत, वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग. प्रत्येक राउटर आपला ओळखक्रमांक हवेत सोडत असतो. अमुक क्रमांक अमुक ठिकाणी आहे अशा नोंदींचा प्रचंड साठा गूगल-अ‍ॅपलकडे आहे. तुम्ही त्या राउटरचा पासवर्ड जाणत नसलात तरी चालतं, तो नुसता कानावर पडला की पुरे. इमारतीच्या आत, मॉलमध्ये, तळघरात हीच पद्धत उपयोगी पडते, कारण तिथे उपग्रह ऐकू येत नाहीत.

बॅटरीसाठी ही दोन्ही बटणं बंद केलीत तर थोडी बचत होईल, मोठी अपेक्षा ठेवू नका. आणि शहरात राहत असाल तर हिशेब उलटाही पडतो. स्वस्तातला मार्ग बंद झाला की फोन त्याच कामासाठी महागड्या मार्गाकडे, उपग्रहांकडे वळतो. ब्लूटूथ स्कॅनिंग खुशाल बंद करा. वाय-फायचं तसंच राहू द्या.

प्रश्न : आई-बाबा आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर चालतात. आम्ही पुण्याहून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन लावून देतो. दिवे घाट चढेपर्यंत फोन बंद! मग आमचा जीव टांगणीला. काय चुकतं?

उत्तर : तुम्ही आठ तासांचं लावून देता, हो ना? व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात आणि काळजीपोटी सगळे शेवटचाच निवडतात. पण बॅटरी जलद संपवायची असेल तर याहून चांगली जुळणी मिळणार नाही. ठिकाण सतत काढायचं, सतत पाठवायचं, आणि तेही अशा ठिकाणाहून जिथे लाखो माणसांचे फोन त्याच मोजक्या टॉवरला चिकटलेले आहेत. गर्दीत नेट तुंबतं, पाठवलेलं जात नाही, फोन पुन्हा पाठवतो, पुन्हा जात नाही. तुम्हाला इकडे ठिपका हडपसरलाच अडकलेला दिसतो आणि तिकडे फोन तापत असतो.

मी तुमच्या जागी असतो तर लाइव्ह लोकेशनचा नाद सोडला असता. ‘सध्याचं लोकेशन’ एकदाच पाठवायची सोय त्याच जागी असते. सकाळी निघताना एकदा, दुपारच्या विसाव्याला एकदा, सासवडला मुक्कामी पोचल्यावर एकदा, एवढं त्यांना शिकवा. पालखीचा मार्ग आणि मुक्काम आधीच जाहीर असतात, दिंडीचा क्रमांक तुम्हाला ठाऊक असतो. तीन ठिपक्यांत सगळं कळतं. मुक्कामावर गर्दीत चुकामूक झाली तर तेवढ्यापुरतं पंधरा मिनिटांचं लाइव्ह लावायचं.

आणि बाबांच्या खिशात एक साधा बटणांचा फोन द्या, दुसरं सिम घालून. कितीतरी वारकरी असंच करतात आणि मला त्यात शहाणपण दिसतं. दोन-तीन दिवस चार्जिंगची चिंता नाही, आणि घाटात ‘पोचलो’ म्हणायला तोच कामी येतो.

प्रश्न : ट्रेकला फोन फ्लाइट मोडवर टाकला तर जीपीएस चालतं का? मित्र म्हणतात, नेट नसेल तर ठिपका दिसणारच नाही.

उत्तर : चालतं. फ्लाइट मोडने प्रक्षेपण थांबतं, आणि जीपीएस तर फक्त ऐकतं. सह्याद्रीत बॅटरी वाचवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही, कारण कड्याकपारीत फोनची खरी ऊर्जा हरवलेला टॉवर शोधण्यात जाते.

मित्रांचं म्हणणं नकाशाच्या बाबतीत खरं आहे. ठिपका दिसेल, पण त्याखालचा नकाशा नेटवरून येतो. तो घरूनच उतरवून घ्या. वाटेची फाइल असेल तर तीही. दुसरं, पायथ्याच्या गावात, पाचनई असो की खिरेश्वर, जिथे रेंज आहे तिथे नकाशा उघडून ठिपका नीट स्थिरावू द्या आणि मगच फ्लाइट मोड लावा. कक्षांचा तो तपशील साधारण चार तास उपयोगी राहतो. तोवर फोनला प्रत्येक वेळी नव्याने शोधाशोध करावी लागत नाही.

सांदण दरीसारख्या ठिकाणी मात्र कुठलीही युक्ती फारशी चालत नाही. डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी, बाकी काळाकभिन्न खडक. उपग्रह मोजके दिसतात, त्यांचेही संकेत भिंतींवर आपटून येतात, ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो आणि चिप शोधून शोधून दमते. अशा जागी नकाशा बंद ठेवा. वाट एकच असते.

जीपीएसच्या जोडीला नाविकबद्दलही थोडं. इस्रोची ही यंत्रणा मुख्यतः भारत आणि आसपासच्या प्रदेशासाठी आहे. तिचे उपग्रह आपल्या आकाशात बरेच उंच दिसतील अशा कक्षांत ठेवलेले आहेत, हा डोंगरदऱ्यांत फायदाच. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सामान्य फोनना सोयीच्या वारंवारतेवरही तिचे संकेत देण्याची सोय झाली. तुमच्या फोनची चिप ती ऐकू शकते का, ते मॉडेलच्या माहितीत बघा. जमत असेल तर फोन आपणहून ऐकतो, वेगळं काही चालू करावं लागत नाही. बॅटरी मात्र त्यामुळे वाचेल असं समजू नका.

प्रश्न : मी नागपुरात पार्सलं पोचवतो. कंपनीच्या अ‍ॅपला लोकेशन ‘नेहमी’ लागतंच, नाहीतर ऑर्डर येत नाही. दुपारी दोनला फोन बंद पडतो. तुमच्या सल्ल्यांचा मला काय उपयोग?

उत्तर : लोकेशनच्या सल्ल्यांचा फारसा नाही, हे मान्य. तुमच्या अ‍ॅपचं लोकेशन ही तुमची हजेरी आहे, ती काढता येणार नाही. पण तुमच्या बाबतीत पडदा आणि ऊन लोकेशनपेक्षा जास्त खातात.

हँडलला लावलेला फोन मे महिन्यात नागपूरच्या उन्हात पूर्ण उजेडावर असतो. पडदा, नकाशा, नेट, सगळं एकत्र. फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, उजेड कमी करतो आणि चार्जरला जोडलेला असूनही चार्जिंग थांबवतो. लिथियम बॅटरीला तापलेल्या अवस्थेत चार्ज करणं घातक असतं, म्हणून ती काळजी घेतलेली असते. अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी बाहेरच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. तुमच्याकडे ती सकाळी दहालाच ओलांडली जाते.

मार्ग लावून झाला की पडदा बंद करा आणि एका कानात आवाजी सूचना ऐका. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा ठेवा. फोन खिशात किंवा बॅगेच्या वरच्या कप्प्यात, सावलीत. नेहमीच्या वस्तीत तर नकाशाची गरज तुम्हाला शेवटच्या गल्लीपुरतीच असते. बाकी सगळ्या अ‍ॅपची लोकेशन परवानगी काढून टाका, म्हणजे फोन एकाचंच काम करेल. पॉवर बँक घ्यालच. पण ती लावायची ती हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट बघताना, उन्हात चालत्या गाडीवर नको. हँडलबद्दल आणखी एक : मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथराटाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलने दिला होता. भिंग स्थिर ठेवणारी तशीच नाजूक यंत्रणा असलेल्या इतर फोननाही ती भीती आहेच.

या कामासाठी फोन कंपनीने द्यावा की नाही, हा प्रश्न या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे. माझं मत विचाराल तर निदान चार्जिंगची सोय तरी करावी.

प्रश्न : लोकेशन कायमचं बंद ठेवलं आणि फोन हरवला तर?

उत्तर : तर नकाशावर तो दिसणं अवघड. माझ्या मते मुख्य बटण चालू ठेवायचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. फोन शोधण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे असते आणि ती बॅटरी जवळजवळ खातच नाही, कारण तुम्ही शोधायला लागेपर्यंत ती गप्प असते. आयफोनवर फोन शोधण्याच्या सेटिंगमध्ये एक बटण आहे : बॅटरी अगदी संपत आली की फोन आपलं शेवटचं ठिकाण आपोआप पाठवून ठेवतो. ते चालू आहे का, आजच बघा. आणि फोनवर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार देताना आणि सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून फोन अडवताना तोच विचारतात, आणि तेव्हा फोन हातात नसतो.